कोंबड्यांच्या आवारात आणि खुराड्यात खाली काय अंथरावे?

परसात कोंबड्या पाळायचे ठरले की खाली काय टाकावे, हा प्रश्न बहुतेकांना आधी पडतो. माझ्या मते त्याआधी पावसाचे पाणी त्या जागेवरून कुठे जाते, हे पाहायला हवे, कारण आवार सखल असेल आणि पाणी तिथेच मुरत असेल, तर कितीही चांगले अंथरूण काही दिवसांत चिखलात मिसळून जाते. म्हणून जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभराने आवारात फेरी मारावी, पाणी कुठे साचले आहे ते पाहावे आणि तेथे भर घालून किंवा चर खणून त्याला वाट करून द्यावी. हे काम झाल्यावरच सामान आणावे.

उघडे आवार आणि छपराखालचे खुराडे यांच्या गरजा वेगळ्या असतात. आवारातले गवत टिकेल, या आशेवर राहू नये. लहान जागेतले गवत कोंबड्या उकरून आणि टोचून काही आठवड्यांत संपवतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात घसरडी होते. अशा जागी फांद्यांचे जाडसर ढलपे 15 ते 20 सेंटिमीटर जाडीने पसरावेत. त्यांच्यातील पोकळीतून पाणी खाली उतरते, विष्ठा पावसाबरोबर आत जिरते, वरचा थर तुलनेने कोरडा राहतो आणि ढलप्यांखाली किडे वाढू लागल्यामुळे कोंबड्यांना दिवसभर उकरायला काम मिळते. रंगवलेल्या किंवा वाळवी लागू नये म्हणून रसायन लावलेल्या लाकडाचे ढलपे मात्र कधीही वापरू नयेत.

वाळूबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. बांधकामाची जाड, धुतलेली वाळू लवकर वाळते, विष्ठा तिच्यावर सुकून राहते आणि दाताळ्याने सहज गोळा करता येते. पण ती कुजत नसल्यामुळे ही सफाई रोज करावी लागते, आणि कडक उन्हात ती इतकी तापते की सावली नसलेल्या आवारात कोंबड्या तिच्यावर उभ्या राहायला तयार होत नाहीत. बारीक वाळू धुळीमुळे टाळलेली बरी. टोकदार खडी तर अजिबात नको, कारण तिने तळपायाला जखम होते आणि त्या जखमेतून जंतू शिरून गळू होते.

खुराड्यात मात्र गादी हवी. रंधा मारताना निघणारी लाकडाची पातळ, कुरळी सालपटे मी सर्वांत वरच्या क्रमांकावर ठेवीन. ती ओलावा शोषतात, लवकर वाळतात आणि दबून त्यांचे पापुद्रे होत नाहीत. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाची सालपटे टाळावीत, कारण त्यातील तेलांमुळे श्वसनमार्गाला त्रास होतो. भाताचे तूस हलके असून पटकन वाळते. ते सालपटांइतके पाणी शोषत नाही, परंतु वरचेवर हलवत राहिल्यास उत्तम चालते. करवतीचा बारीक भुसा धुळीचा असतो आणि लहान पिल्ले तो दाणा समजून खातात, म्हणून पिल्लांसाठी तो नको. पिल्लांखाली गुळगुळीत वर्तमानपत्रही अंथरू नये, त्यावर पाय घसरून ते फाकतात.

पेंढ्यावर मी सुरुवातीला फार विसंबलो होतो. वरून तो पिवळाधमक आणि कोरडा दिसत असे. एके दिवशी दाताळे खोल घालून उचलले, तेव्हा सबंध चटईसारखा थर वर आला आणि त्याखाली काळा, ओला, डोळ्यांना झोंबणारा लगदा निघाला. पेंढा वापरायचाच असेल तर बोटभर लांबीचे तुकडे करून, सालपटांत मिसळून वापरावा. बुरशीचा वास येणारा पेंढा किंवा वाळलेले गवत आत आणूच नये, कारण बुरशीचे बीजाणू कोंबड्यांच्या फुप्फुसांत रोग निर्माण करतात. रक्ती हगवणीच्या परजीवींनाही ओल आणि ऊब मानवते, विष्ठेतून बाहेर पडलेली त्यांची अंडी अशाच गादीत संसर्गक्षम होतात.

गादीची सुरुवात 10 ते 15 सेंटिमीटर जाडीने करावी, आठवड्यातून एकदोनदा ती उलथावी आणि वरून थोडी कोरडी भर घालत जावे. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य, तर विष्ठेत नत्र भरपूर असते. दोन्ही नीट मिसळले आणि हवा खेळती राहिली की ते जागच्या जागी कुजू लागते. ओलावा तपासण्यासाठी मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा जरासा धरून लगेच विस्कटला तर ठीक. तसाच राहिला तर गादी ओली आहे, आणि नुसती धूळ उडाली तर ती फार कोरडी आहे. वास घेताना उभे राहू नये, खाली बसून नाक कोंबडीच्या उंचीवर न्यावे. तेथे अमोनियाचा भपका आला, तर आधी पाण्याच्या भांड्याभोवतीची आणि बसण्याच्या दांडीखालची गादी काढावी. ओल बहुतेक वेळा याच दोन ठिकाणांहून पसरते. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगले, तर सांडणे बरेच कमी होते.

काढलेली गादी ताजी असताना रोपांच्या मुळाशी घालू नये, तिच्यातील नत्राने मुळे करपतात. ती ढीग करून, मधूनमधून उलथून, काही महिने कुजवावी आणि मगच वाफ्यांत पसरावी.