जुना कॅम्पर ट्रेलर घेऊन मुंबईहून हिमाचलला निघताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी एक सांगतो, जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची राहायची खोली, चालून जेवढा खराब होत नाही तेवढा उभा राहून होतो. आणि मुंबईकरांचा ट्रेलर वर्षातले दहा महिने उभाच असतो, सोसायटीत लावू देत नाहीत, मग कुणाच्या तरी वाडीत नाहीतर गोडाऊनच्या मागे पडून राहतो. आमचा बदलापूरला मावशीच्या अंगणात असतो. ऐंशीच्या दशकातला, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय. मनालीपर्यंत साधारण १,९०० किलोमीटर जायचं म्हटलं की रूट, हॉटेलं, गाडीचं सर्व्हिसिंग याची काळजी सगळेच करतात, पण उभं राहून काय काय बिघडलंय ते कोणी बघत नाही आणि रस्त्यात नेमकं तेच नडतं.

पहिली चूक, निळी ताडपत्री. जूनमध्ये आपण सगळे जे करतो तेच मीही केलं, ताडपत्री घट्ट बांधून टाकली आणि निर्धास्त झालो. दिवाळीनंतर सोडली तेव्हा आत कुबट वास, आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लाय भिजल्या पापडासारखा आत गेला. पाऊस वरून आलाच नव्हता, दमट हवा आत कोंडली होती. ताडपत्री टाकायचीच तर चारी बाजूंनी हवा खेळेल अशी उंच, शेडसारखी टाका, पत्र्याला चिकटवून नको. निघायच्या महिनाभर आधी छपरावर तासभर पाइपने पाणी सोडा आणि आत बसून टॉर्चने जॉइंट बघा. गळत असेल तर वरून सिलिकॉन फासू नका, ते काही दिवसांनी सुटतं आणि मग त्याच्यावर दुसरं काही धड चिकटतही नाही. जॉइंटवरची पट्टी काढा, जुना मसाला खरवडा, ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावून पट्टी परत बसवा.

आता बेअरिंग, यावर मी जरा जास्त बोलणार कारण आमची ट्रिप इथेच संपली असती. एप्रिलमध्ये सराव म्हणून दोन रात्री भंडारदऱ्याला गेलो. कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो आणि सवयीने ट्रेलरच्या चाकांजवळ हात नेला. डावा हब, म्हणजे बेअरिंग असतं तो चाकाचा मधला भाग, कोमट. उजव्याला बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं, चटकाच बसला, जळक्या तेलाचा वासही येत होता. जवळच्या मेकॅनिकने कॅप काढली तर आतलं ग्रीस सुकून काळं, चुऱ्यासारखं झालेलं, नुसतं उभं राहून राहून. तसाच पुढे गेलो असतो तर कुठेतरी चाकच निखळलं असतं. म्हणून दरवर्षी निघायच्या आधी दोन्ही हब उघडा, रॉकेल नाहीतर डिझेलने धुवा, बेअरिंगवर निळे डाग किंवा खड्डे दिसले तर सरळ नवीन घाला, सील पण नवीन. नट करकचून आवळायचा नसतो, चाक फिरवत आवळायचा, मग किंचित ढिला करून नट सुटू नये म्हणून नवी स्प्लिट पिन घालायची. रस्त्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक चहाला हब चाचपायचा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक, एकच तापत असेल तर तिथेच थांबा, उतारात ब्रेक घासत आलात म्हणून तापला की बेअरिंगने तापला ते आधी बघा, एक जास्तीचा बेअरिंग सेट आणि ग्रीसचा डबा सोबत असलाच पाहिजे.

टायरच्या बाबतीत लोक नक्षी बघतात आणि फसतात. नक्षी शाबूत असते कारण ट्रेलर चाललेलाच नसतो, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली असतील तर कितीही नवा दिसू दे, बदला. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा, आणि दुपारी प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून सोडू नका, कमी हवेचा टायर जास्त तापतो आणि तोच फुटतो.

वजनाकडे तर कोणी लक्षच देत नाही. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो झालेच, घरचा गॅस सिलिंडर भरलेला असला की अंदाजे ३० किलो, त्यापेक्षा ५ किलोवाला छोटा घ्या. भिवंडीत वजनकाटे भरपूर आहेत, ट्रेलर भरून एकदा काट्यावर न्याच. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार ट्रेलर जोडायच्या हुकवर यायला हवा, तो घरच्या वजनकाट्यावर फळी ठेवून मोजता येतो. मागे जास्त वजन गेलं की ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा. नंतर थांबून सामान पुढे घ्यायचं.

लाइटचं थोडक्यात. इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट पण लुकलुकतो? बहुतेक वेळा अर्थची वायर गंजलेली असते, बल्ब बदलत बसू नका.

वेळेचं गणित मात्र मनापासून सांगतो, दिवसाला ५०० किलोमीटरचा प्लॅन करू नका. २५०-३०० पुष्कळ झाले. पहाटे तीनला निघालात तर घोडबंदर आणि वर्सोवा पूल उजाडायच्या आत पार होतो. पुढे गुजरात-राजस्थानात मे महिन्यात साडेदहानंतर चालवणं म्हणजे गाडी आणि माणसं दोघांचे हाल. फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदवलं गेलंय, आपला रूट तिथून जात नसला तरी आजूबाजूची हवा त्याच जातीची. दुपारी ढाब्यावर सावलीत थांबा, संध्याकाळी परत निघा. गाडीचा तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घ्या, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. दिल्लीत शिरू नका, जयपूर-कोटपुतली-नारनौल करून राष्ट्रीय महामार्ग १५२डी ने अंबाल्याकडे जाता येतं. दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत आणि एनसीआरमध्ये हरियाणाचे बरेच जिल्हे येतात, तेव्हा ओढणारी गाडी जुनी असेल तर निघायच्या आठवड्यात ताजा नियम वाचून घ्या.

कागदपत्रांत दोन गोष्टी. कायद्याने ट्रेलर हे वेगळं मोटर वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. आणि ओढणारी गाडी ५० वर्षांवरची असेल तर हौसेने २०२१ च्या नियमाखालचा व्हीए नंबर (विंटेज गाड्यांची खास नोंदणी) घेऊ नका, ती गाडी प्रदर्शन, रॅली, मेंटेनन्स अशा कामांनाच रस्त्यावर आणता येते, सुट्टीच्या ट्रिपला नाही.

गॅसवरचा जुना फ्रिज सपाट जागीच नीट गार करतो, आणि चालत्या गाडीत गॅस बंदच ठेवायचा, त्यामुळे आम्ही दुधाला सरळ बर्फाची पेटी ठेवतो. मुक्कामाला पोचल्यावर घाईत आधी हुक सोडू नका, हिमाचलात सपाट वाटणारी जागाही उताराची असते. आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, मग ट्रेलरचा हँडब्रेक, मग पुढचं छोटं चाक खाली, आणि मगच हुक.