मागच्या काचेचा डिफॉगर लवकर बंद होतोय? आधी घड्याळ लावा, मग पाना घ्या

जुलैत चोर्ला घाटातून बेळगावकडे येताना कणकुंबीच्या आसपास धुकं असं उतरतं की मागून येणारा ट्रक म्हणजे नुसते दोन पिवळे ठिपके. तेही मागची काच स्वच्छ असेल तर. गाडीत चार माणसं, ओल्या छत्र्या, पायाखालच्या मॅटवर पाणी, आणि काच आतून पांढरीफटक. डिफॉगरचं, म्हणजे काच तापवून वाफ उडवणाऱ्या सोयीचं, बटण दाबलं की काच पट्ट्यापट्ट्यांनी मोकळी व्हायला लागते आणि चार-पाच मिनिटांत पुन्हा धुरकटते. हे दुखणं मी दोन पावसाळे अंगावर काढलं. पहिल्या पावसाळ्यात फ्यूज बदलला, रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारा स्विच) बदलला, फरक शून्य. दुसऱ्या वर्षी नीट क्रमाने तपासलं तेव्हा अर्ध्या तासात दोष हाती आला. तोच क्रम इथे देतोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. डिफॉगर आपणहून बंद होणं हा बहुतेक गाड्यांत दोष नसतोच. काचेवरच्या त्या बारीक तपकिरी रेघा म्हणजे काचेवर भाजून बसवलेली चांदीमिश्रित पट्टी. त्यातून वीज गेली की ती तापते. ही वीज थोडीथोडकी नाही. १५ अँपिअर धरले तर १३.५ व्होल्टला २०० वॉट होतात. इंजिन बंद असताना ३५ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी एवढ्या ओढीने दोन-सव्वादोन तासांत आडवी होईल. म्हणून कंपनी टायमर देते. साधारण १० ते २० मिनिटांत डिफॉगर बंद होतो आणि बटणावरचा दिवा विझतो, गरज असेल तर पुन्हा दाबायचं. काही गाड्यांत दुसऱ्यांदा दाबल्यावर वेळ आणखी कमी मिळतो. आपल्या गाडीचा आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो, तो आधी बघा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर बहुतेक गाड्यांत बटण पुन्हा दाबावं लागतं, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पहिलं काम: घड्याळ आणि दिवा

गाडी मोकळ्या जागेत लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धुराने जीव जाऊ शकतो. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करा, बटण दाबा आणि मोबाइलवर वेळ लावा. एकाने पुढे बसून बटणावरचा दिवा बघायचा, दुसऱ्याने मागे बसून काचेला आतून तळहात लावायचा. काच कोरडी असेल तर तिच्यावर तोंडाने वाफ सोडा. रेघा तापत असतील तर वाफ आधी रेघांवरून उडते.

मी भाच्याला मागे बसवलं होतं. पाच मिनिटं होत आली आणि तो म्हणाला, "मामा, काच गार पडली की!" मी पुढे बघितलं तर दिवा जळतच होता. दोन वर्षं मी टायमरला दोष देत होतो आणि टायमर बिचारा आपलं काम चोख करत होता.

इथे वाट फुटते. दिवाही विझला आणि काचही गार पडली, तर दोष बटण, टायमर किंवा बॅटरीच्या बाजूला. दिवा जळतोय पण काच गार, तर दोष रिलेपासून काचेपर्यंतच्या रस्त्यात. आणि दिवा दरवेळी ठरल्या वेळेलाच विझत असेल तर काहीही खोलू नका, गाडी ठीक आहे.

दिवाच लवकर विझत असेल तर

वेळ तीनदा मोजा. कधी दोन मिनिटं, कधी सात, अशी कमीजास्त येत असेल तर आधी व्होल्टेजवर संशय घ्या. काही गाड्यांचा कंट्रोल युनिट (विजेची उपकरणं सांभाळणारा छोटा संगणक) व्होल्टेज पडला की मोठ्या ओढीची उपकरणं आधी तोडतो, आणि त्यात डिफॉगर पुढे असतो. घाटात रांगेत गाडी उभी, हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसी सगळं चालू, इंजिन आयडलवर: तेव्हाच हा त्रास जास्त होतो का ते आठवून बघा.

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. आता सगळे लोड लावा, डिफॉगर दाबा आणि इंजिन थोडं रेस करून बघा. आकडा १३ च्या खाली उतरून तिथेच बसत असेल तर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर), त्याचा बेल्ट आणि बॅटरी तपासून घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी ती काढा, निम्मी दुखणी तिथेच जातात. नव्या गाड्यांत आल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमीजास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.

व्होल्टेज उत्तम आणि तरी दिवा विझतोच, तर बटण किंवा युनिट. हे काम इलेक्ट्रिशियनचं, घरी युनिट उघडू नका.

दिवा जळतोय, काच गार

फ्यूजची काळजी इथे फारशी नको. उडालेला फ्यूज बदलेपर्यंत परत येत नाही, आणि तुमचा डिफॉगर थोड्या वेळाने पुन्हा चालतोय. फक्त फ्यूज सैल आहे का, त्याच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात का, एवढं बघा.

रिले मात्र थंड असताना चालून तापल्यावर सोडून देऊ शकतो. आतला सोल्डरचा जोड भेगाळलेला असला की गरम होऊन उघडतो. काच गार पडली त्या क्षणी रिलेला हलकी टिचकी मारा. उष्णता परत आली तर गुन्हेगार सापडला. नाहीतर तोच नंबर असलेला दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा, तात्पुरता बदलून बघा. नंबर आणि पिना जुळल्याशिवाय बदलू नका.

यानंतरची जागा, जिथे मला उत्तर मिळालं: काचेच्या दोन्ही कडांना असलेले टॅब, म्हणजे वायर जोडायच्या धातूच्या पट्ट्या. डिकीच्या प्लास्टिक पट्टीआड एका बाजूला विजेची वायर येते, दुसऱ्या बाजूने अर्थ (earth), म्हणजे वीज गाडीच्या बॉडीत परत नेणारी वायर, जाते. माझ्या गाडीत डावीकडची पट्टी काढली तर कनेक्टरचं पांढरं बाही-आवरण भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाचं झालेलं, आतलं पितळ काळवंडलेलं. बोट लावलं तर चटका. सैल जोडातून १५ अँपिअर जात होते. तो जोड तापायचा, पसरायचा आणि सुटायचा. गार झाला की पुन्हा जोडला जायचा. म्हणून दरवेळी "थोडा वेळ चालतो".

मीटरने हे असं पकडायचं. मीटरचा काळा प्रोब (वायरचं टोक) बॉडीच्या स्वच्छ धातूवर, डिफॉगर चालू. लाल प्रोब विजेच्या टॅबवर: बॅटरीएवढाच, फार तर अर्धा व्होल्ट कमी यायला हवा. मग अर्थच्या टॅबवर: जवळजवळ शून्य. दोन्ही टॅबवर १२-१३ दिसले तर अर्थ तुटलाय. दोन्हीकडे शून्य आलं तर वीजच तिथवर येत नाही, मागे रिलेकडे जा. सुरुवातीला बघून मीटर काढू नका, काच गार पडेपर्यंत लावून ठेवा. आकडा कुठे उडी मारतो ते तेव्हाच दिसतं.

सैल कनेक्टर काढताना वायर ओढू नका. एका बोटाने टॅब काचेला दाबून धरा, नाहीतर टॅबच हातात येतो. गाडी बंद करून बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासा, कनेक्टर पकडीने किंचित आवळा. भाजला असेल तर कापून त्याच जाडीच्या वायरला नवा कनेक्टर क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. टॅब निखळलाच तर साधा फेव्हिक्विक चालत नाही, त्यातून वीज जात नाही. वीजवाहक इपॉक्सी लागतो. काचेवर थेट सोल्डरिंग गन धरू नका, काच तडकते.

टॅब ठीक निघाले तर डिकी आणि छत यांच्यामधली रबरी नळी बघा. डिकी हजारो वेळा उघडून-मिटून त्यातल्या वायरी आवरणाच्या आत तुटतात. डिफॉगर चालू ठेवून, मीटर लावून, नळी हाताने हळूच वाकवा. आकडा थरथरला की नळी सोलून वायर जोडायची.

एखादी रेघ तुटली म्हणून डिफॉगर बंद पडत नाही. सगळ्या रेघा समांतर असतात, त्यामुळे फक्त तेवढी पट्टी धुरकट राहते. ती शोधायला प्रोबच्या टोकाला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि विजेच्या टॅबकडून सुरुवात करून रेघेवरून हळूहळू सरकवत जा. आकडा मध्यावर साधारण सहा व्हायला हवा; जिथे एकदम पडेल तिथे तूट. वर-खाली सेलोटेप लावून मधे चांदीचा वीजवाहक पेंट भरा आणि डब्यावर लिहिल्याइतका वेळ सुकू द्या.

टायमर तोडून थेट स्विच देणारे लोक भेटतील. करू नका. विसरून चालू राहिला तर बॅटरी जाईल, आणि जोड आधीच सैल असेल तर डिकीत आग लागायला निमित्त होईल.

अथणी-चिकोडीकडच्या कमी पावसात हे बटण महिनोन्महिने कुणी दाबत नाही. तिकडच्या गाड्यांनी मेअखेरीस एकदा घड्याळ लावून बघावं, म्हणजे आंबोली-चोर्ल्याच्या पहिल्या फेरीआधी दुरुस्तीला वेळ राहतो. काच पुसताना कपडा रेघांच्या दिशेने आडवा फिरवा. काचेवर चिकटवलेली जुनी फिल्म ब्लेडने खरवडू नका. दुरुस्तीनंतर पहिली चाचणी पुन्हा करा: मी केली तेव्हा दिवा आणि उष्णता दोन्ही १५ मिनिटांनी बरोबरच गेले.