सेकंडहँड एएमटी (ऑटोमॅटिक गिअरची गाडी): ड्राइव्ह (डी) टाकला तरी न्यूट्रलवरच (एन) अडकते, माझा अनुभव

सिग्नलला ब्रेक दाबून डी टाकला की डिस्प्लेवर एन ब्लिंक व्हायचा नि गाडी जागची हलायची नाही, दोनतीनदा पेडल दाबलं की मग पडायचा. बॅटरी बदलली, स्कॅन केलं तर गिअरबॉक्सचा एकही एरर कोड नाही, तरी गॅरेजवाले म्हणे अख्खा ॲक्च्युएटर (गिअर टाकणारा भाग) बदला. जाम वैताग आला. शेवटी बायकोला मागे उभं केलं, तर डी पडत नाही तेव्हा ब्रेकलाइटपण लागत नव्हते! म्हणजे ब्रेक दाबलाय हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कळतच नव्हतं, म्हणून डी पडत नव्हता. मग इग्निशन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेडलच्या वरच्या ब्रेक स्विचचा कनेक्टर काढून स्विच फिरवून बाहेर घेतला, नवीन बसवला, कनेक्टर, निगेटिव्ह परत लावली, आधी दहावेळा ब्रेकलाइट बघितले नि मगच डी टाकला, लगेच पडला.