मेन्थिया पहिल्यांदा चाखताना या चुका टाळा

स्पेनची रेड वाइन म्हटली की बहुतेकांना रिओहा भागातील तेम्प्रानियो द्राक्षाची वाइन आठवते, आणि मेन्थिया या द्राक्षाच्या वाणाची बाटली उघडताना होणारी सर्वांत मोठी चूक तिथेच होते. ओकच्या पिंपातून आलेला व्हॅनिलाचा गंध आणि भारदस्तपणा शोधणाऱ्याला ही वाइन पातळ वाटते. वायव्य स्पेनमधील बिएर्थो आणि गॅलिसियातील रिबेइरा साक्रा येथे, अटलांटिकचा ओलावा जिथवर पोहोचतो त्या उतारांवर पिकणाऱ्या मेन्थियाचा स्वभावच निराळा आहे: लाल चेरी, रास्पबेरी, व्हायोलेटची फुले आणि त्यांच्या मागे किंचित हिरवट, पाल्यासारखा गंध. या हिरवटपणाला लगेच दोष समजू नये. त्याच्यामुळेच एके काळी मेन्थियाचे नाते काबेर्ने फ्राँ या फ्रेंच द्राक्षवाणाशी जोडले जात असे. डीएनए तपासणीने ते खोडून काढले आणि पोर्तुगालच्या दाओ भागातील जाएन म्हणजे हाच वाण, हे दाखवून दिले.

लेबलवर वाणाचे नाव दिसले नाही म्हणून बाटली परत ठेवू नये, कारण अनेकदा तिथे फक्त प्रदेश लिहिलेला असतो. ‘क्रिआन्सा’ असे लिहिले असेल, तर ती वाइन काही महिने ओकमध्ये राहिलेली असते. ओळख करून घेण्यासाठी ‘होवेन’, म्हणजे तरुण वाइन बरी.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड युरोपीय घरांतला आहे. एप्रिलमधल्या पुण्यातील खोलीत तो पाळला, तर अल्कोहोल नाकात शिरते आणि ज्या वाणाचा आंबटपणा जास्त पिकल्यावर आधीच उतरतो, त्याची वाइन मिळमिळीत लागते. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली पंधरा-वीस मिनिटे ठेवून ती 14 ते 16 अंशांच्या आसपास आणावी.

पहिल्याच वासाला काडेपेटीची काडी किंवा रबर आठवले, तरी वाइन ओतून देऊ नये. हवेशी संपर्क कमी आल्याने असे वास साचतात. डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत ओतल्यास किंवा पेला अधूनमधून गोल फिरवत वीस मिनिटे थांबल्यास ते पुष्कळदा विरतात आणि फळाचा गंध वर येतो. मात्र ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशी आलेल्या तळघराचा वास येत असेल, तर दोष बुचाचा आहे. तो हवेने जात नाही, आणि अशी बाटली विक्रेत्याकडे परत नेण्यात संकोचाचे कारण नाही. दोन्ही वासांची गल्लत करून चांगली वाइन मोरीत ओतणारे लोक मी पाहिले आहेत.

ठेचा किंवा झणझणीत रश्शासोबत पहिला घोट घेतल्यास तिखटामुळे अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या घटकाचा) तुरटपणा दोन्ही वाढतात, मग वाइनची चव कळणार कशी? पहिले दोन घोट नुसतेच घ्यावेत. बिएर्थोमध्ये ही वाइन ‘बोतियो’ या डुकराच्या मांसाच्या धुरकट सॉसेजसोबत पितात; आपल्याकडे, माझ्या मते, मिरची आवरून केलेले भाजलेल्या वांग्याचे भरीत तिला चांगले मानवते.