कापड दुकानात नवीन लागताय? आधी 'या, बसा' शिका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नाचे बस्ते सुरू होतात. कापूस-सोयाबीनचा पैसा नुकता हातात आलेला असतो, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या जरा आधी शेटजी दोन-चार नवीन पोरं-पोरी कामावर घेतात आणि माझ्याकडे सोपवतात. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका बाजारगावात मी ११ वर्षांपासून साड्यांच्या गादीवर आहे. बारावी झाली, पुढं शिकायला यवतमाळला जाणं जमलं नाही, म्हणून इथं लागले. पन्हा, पोत, ब्लाउजपीसचं माप, नऊवारीची घडी हे महिन्या-दीड महिन्यात हाताला बसतं. गिऱ्हाइकाशी बोलणं जमायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी काही माणसं दुखावली. तुमच्या हातून ते होऊ नये म्हणून लिहिते.

माणूस उंबऱ्यात आला की "काय पाहिजे?" असं एकदम विचारू नका. आपल्या भागात ते "काम सांगा अन् निघा" असं ऐकू येतं. आधी "या काकाजी", मग "बसा", मग पाणी. साडी त्यानंतर. बाजाराच्या दिवशी माणूस बंजाऱ्यांच्या तांड्यावरून नाहीतर कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेला असतो. सोबत म्हातारी आई, कडेवर लेकरू. चप्पल कुठं काढावी, गादीवर बसलं तर चालेल का, पायाची माती लागली तर कोणी बोलेल का, हे सगळं त्याच्या तोंडावर दिसतं. तुम्ही स्वतः उठून गादीचा कोपरा हातानं झटकला आणि "इथं बसा जी" म्हटलं, की माणूस मोकळा होतो.

पाण्याचं नीट ध्यानात ठेवा. सगळ्यांना एकाच माठातलं, त्याच गिलासांतून, आणि गिलास हातात द्यायचा. समोर ठेवून द्यायचा नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात एका आजीनं गिलास न घेता ओंजळ पुढं केली होती. तिला लहानपणापासून बाजारात तसंच पाणी मिळालं असणार. मी गिलास तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं आणि मग तो विसळायला जागा शोधू लागली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला, तेव्हा तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. आमच्या दुकानात कोणी कधी वेगळा गिलास ठेवला नव्हता, पण ते त्या आजीला कसं कळणार? ते आपल्या वागण्यातूनच कळतं.

पाणी झालं की दोन शब्द बोलायचे. "कोणत्या गावचे जी?" हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला प्रश्न. गाव सांगितलं की पाऊस कसा झाला, बोंडअळी आली का, पोळा कसा भरला, बोलायला विषयच विषय. पण आडनाव विचारू नका. आपल्या भागात आडनाव म्हणजे जात, आणि ते कशासाठी विचारलं हे समोरच्याला तुमच्याआधी कळतं. उधारीच्या खात्यासाठी किंवा बिलासाठी नाव लागलंच, तर "नाव काय टाकू?" एवढंच म्हणा. ते जेवढं सांगतील तेवढं लिहा.

आता राम रामाचं. मला यावरच सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

लागल्याला महिनाही झाला नव्हता. साठीतले एक गृहस्थ आले, पांढरा शर्ट, हातात पिशवी. आत येता येता स्वच्छ आवाजात म्हणाले, "जय भीम." मी मान खाली घालून घड्या घालत होते, तशीच म्हणाले, "नमस्कार, बसा." मला वाटलं मी चांगलंच बोलले. ते बसले, दोन साड्या पाहिल्या आणि काही न घेता उठून गेले. आमच्या गादीवर तेव्हा एक जुने काका होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मला इतकंच म्हणाले, "पोरी, त्यायनं तुले त्यायच्याजवळचं सगळ्यात मोठं देल्लं होतं. तू ते घेतलं नाही."

ते मोठं कसं, हे मला नंतर कळत गेलं. कामठीच्या बाबू हरदास यांनी हे अभिवादन रूढ केलं असं मानतात. म्हणजे ते मूळचं विदर्भातलंच. १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आपल्याच गावखेड्यांतून माणसं पायी आणि बैलबंडीनं तिथं पोचली होती. त्यांच्या लेकरा-नातवंडांच्या तोंडी तो शब्द नुसता 'हॅलो'सारखा नसतो. म्हणून कोणी "जय भीम" म्हटलं तर "जय भीम" म्हणायचं, मान वर करून, त्याच आवाजात.

हेच सगळ्यांच्या बाबतीत. तुकडोजी महाराजांना मानणारी, मोझरीला जाणारी माणसं "जय गुरु" म्हणतात, त्यांना "जय गुरु". पोहरादेवीची वारी करणारे बंजारा भाऊ "जय सेवालाल" म्हणतात. गोंड समाजातले "जय सेवा" म्हणतात. शेगावचे भक्त "जय गजानन" म्हणतात. मुसलमान चाचा सलाम करतात. म्हातारेकोतारे बहुतेक "राम राम" म्हणतात. समोरच्यानं जो शब्द दिला, तोच त्याला परत द्यायचा. तुमच्या घरी कोणता शब्द चालतो याचा इथं संबंध नाही, आणि तसं म्हटल्यानं तुमचं काही कमी होत नाही.

पण कपड्यांवरून अंदाज बांधून आपणच आधी म्हणू नका. आरसे-कवड्यांचा घागरा घातलेली बाई दारात दिसली, की आमच्याकडचा एक पोरगा तिथूनच "जय सेवालाल!" असं ओरडायचा. त्याला ते आपुलकीचं वाटायचं. त्या बाईला वाटायचं की हा माझ्या कपड्यांकडे बोट दाखवतो आहे. आपण पहिल्यांदा बोलताना "या, बसा" एवढंच पुरे. त्यात कोणाची जात नाही, धर्म नाही, पक्ष नाही.

हाक मारायची ती नात्यानं. पुरुषांना "भाऊ", वय झालेल्यांना "काकाजी" नाहीतर "बाबाजी", शेतकरी माणसाला "पाटील" म्हटलेलंही आवडतं. बायकांमध्ये "ताई" कधी चुकत नाही. "मावशी" म्हणायची घाई करू नका. उन्हात राबून तिशीतल्या बाईचा चेहरा पन्नाशीचा दिसतो, आणि मावशी म्हटलं की तिला ते आरशात पाहिल्यासारखं लागतं. शिक्षिका आणि अंगणवाडीच्या बाईंना "मॅडम". नवरा-बायको आणि सासूबाई असं तिघं आले, तर पहिली हाक सासूबाईंना. साडी सुनेला घ्यायची असली तरीही.

बोलताना काही शब्द टाळायचे. माल नसला तर "नाही" किंवा "संपला" म्हणत नाहीत, "दोन रोजात येऊन ऱ्हायला" म्हणतात. अर्थात खरोखर येणार असला तरच. खोटं सांगून माणसाला दुसऱ्यांदा तिकीट काढायला लावू नका. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बोहनी व्हायच्या आधी कोणाला तोडून बोलू नका. आणि उधारीचं बोलणं नेहमी हळू आवाजात. वही त्यांच्याकडे फिरवायची आणि आकड्यावर बोट ठेवायचं, आकडा तोंडानं बोलायचा नाही. शेजारच्या गादीवर त्यांच्याच गावचा माणूस बसलेला असतो. मोबाइलनं पैसे दिले की मोठ्यानं रक्कम सांगणारा तो डबा आता सगळीकडे आला आहे. आमच्याकडे त्याचा आवाज मी अगदी बारीक करून ठेवला आहे, आणि शेटजींनाही ते पटलं.

आता जे सांगते ते लिहिताना मला जड जातं. तिसऱ्या वर्षी एक बाई आल्या, पस्तिशीच्या आतबाहेरच्या. सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. मुलीला शाळेचा ड्रेस घ्यायचा होता. आधी कधीतरी नवऱ्यासोबत आलेल्या मला आठवत होत्या. ओळख दाखवावी म्हणून मी हसून विचारलं, "काहून ताई, आज भाऊ नाही आले?" त्यांनी ड्रेसच्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाहीत जी ते. फवारणीचं औषध घेतलं पोळ्याच्या आधी." मुलगी माझ्याकडे पाहत होती. मला काय बोलावं सुचलं नाही. त्यानंतर कोणाच्याही घरच्या माणसाची मी आपणहून चौकशी करत नाही. आपल्या जिल्ह्यात असं घर किती गावांत आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. "घरी सगळे बरे ना?" हे विचारण्यात प्रेम असतं, पण त्यांनी आधी विषय काढला तरच विचारा. आणि कपाळ पाहून साडीचा रंग ठरवू नका. बाई एकटी आहे म्हणून फिकट साड्या पुढं टाकणारे विक्रेते मी पाहिले आहेत. सगळे रंग पसरायचे, त्या हात लावतील ती साडी उलगडून दाखवायची.

शेवटचं एक, जे नवीन पोरांना कोणी सांगत नाही. एखाद्या सकाळी दोन-तीन माणसं घाईनं येतात, चपला न काढता उंबऱ्याशीच उभी राहतात आणि कोरं पांढरं कापड मागतात. कधी सोबत हिरवं लुगडं मागतात, म्हणजे बाई सवाष्ण गेली. अशा वेळी "या" म्हणायचं नाही, "बसा" म्हणायचं नाही, चहाचं विचारायचं नाही. हातातलं काम टाकून उठायचं, मागितलं तेवढं कापड फाडून द्यायचं, भाव एकदाच सांगायचा. पैसे कमी पडले तर राहू द्या म्हणायचं. निघताना रोजच्या सवयीनं "या बरं परत" तोंडाशी येतं, ते गिळायचं. माझ्या हाताखालच्या एका पोरीच्या तोंडून ते निघून गेलं होतं. ती माणसं काही बोलली नाहीत, पण ती पोर दिवसभर रडत होती. मी तिला जवळ बसवून सांगितलं, की त्यांच्यासोबत नुसतं दारापर्यंत चालत जायचं आणि हात जोडायचे.