आल्बर्टीच्या पद्धतीने फरशी काढताना या चुका टाळा

एकबिंदू पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे खोल जाणाऱ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूत मिळतात अशा चित्रात, त्या रेषा सगळ्यांनाच जमतात. तो बिंदू, म्हणजे लोपबिंदू, धरला, फूटपट्टी लावली, झालं. फरशी बिघडते ती आडव्या रेषांमध्ये. ही अडचण जुनी आहे. इटालियन विद्वान लेओन बत्तिस्ता आल्बर्टीने १४३५ च्या सुमारास चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात तिच्यावरच बोट ठेवलं आणि इलाजही दिला. आल्बर्टी लॅटिन पंडित होता. माणूस हे सगळ्या वस्तूंचं माप आहे, हे ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटागोरसचं मत त्याने त्याच ग्रंथात उद्धृत केलं आहे, आणि त्याच्या आकृतीची सुरुवातही माणसाच्या उंचीपासूनच होते.

ए-३ कागदावर ३६ सेंमी रुंदीची चौकट घ्या. पुढच्या कडेला उभा माणूस १२ सेंमी उंच ठरवा. आल्बर्टी माणसाची उंची तीन हात धरतो, म्हणून एक हात ४ सेंमीचा. एक फरशी एक हात रुंद धरली, तर चौकटीच्या तळरेषेवर अशा ९ फरश्या बसतात. लोपबिंदू मध्यावर, तळरेषेपासून १२ सेंमी उंचीवर घ्या आणि तळरेषेवरच्या फरश्यांच्या सर्व खुणा त्याला जोडा. लोपबिंदूतून जाणारी आडवी रेषा म्हणजे क्षितिजरेषा.

अंतर अंदाजाने कमी करणे

दोन आडव्या रेषांमधली पहिली पट्टी १.२ सेंमी, पुढची तिच्या दोन तृतीयांश, म्हणजे ०.८, मग ०.५३. त्या काळचे काही चित्रकार असंच करत आणि आजही अनेकांचा हात आपोआप तिकडे वळतो. बेरीज करून पाहा: कितीही पट्ट्या काढल्या तरी फरशी ३.६ सेंमीच्या वर चढतच नाही, क्षितिजरेषा मात्र १२ सेंमीवर आहे. पट्ट्यांचं खरं गुणोत्तर स्थिर नसतं. ते इथे ०.८२, ०.८३, ०.८५ असं हळूहळू १ कडे सरकतं.

योग्य रीत अशी. वेगळ्या मोठ्या कागदावर आडवी रेषा ओढा आणि तिच्यावर एक लंब उभा करा. हा लंब म्हणजे चित्राचा पृष्ठभाग, बाजूने पाहिलेला. लंबाच्या उजवीकडे ३६ सेंमीवर, १२ सेंमी उंचीला डोळ्याचा बिंदू घ्या. डावीकडे रेषेवर दर ४ सेंमीला खूण करा. प्रत्येक खूण डोळ्याला जोडली की लंबावर छेद मिळतात: १.२, २.२, ३.०, ३.७, ४.३, ४.८ सेंमी. या उंच्या मूळ चित्रावर आणून टी-स्क्वेअरने आडव्या रेषा ओढा. कागद पुरत नसेल तर सहायक आकृती निम्म्या मापात काढा, पण मग उंची, अंतर आणि खुणा तिन्ही निम्म्या हव्यात. एकच विसरली की सगळे छेद चुकतात. शेवटी मिळालेल्या उंच्या दुप्पट करायच्या.

तपासणीसाठी डाव्या खालच्या कोपऱ्यापासून फरश्यांचे कर्ण एकामागे एक जोडा. सरळ रेषा आली पाहिजे. ९ ओळी काढल्या असतील तर ती फरशीच्या उजव्या तिरप्या कडेला ६ सेंमी उंचीवर भिडेल. कर्ण वाकला तर आडव्या रेषा चुकल्या. अर्थात पाहण्याचं अंतर, म्हणजे डोळा ते चित्र हे अंतरच चुकीचं धरलं असेल, तर ते कर्ण सरळ असूनही कळणार नाही.

डोळा फार जवळ धरणे

अंतर ३६ ऐवजी १८ सेंमी घेतलं तर पाहण्याचा कोन ९०° होतो आणि कडेच्या फरश्या ओढल्यासारख्या ताणलेल्या दिसतात. चित्राच्या रुंदीइतकं अंतर घेतल्यास कोन सुमारे ५३° राहतो. त्याहून कमी अंतर घेऊ नका.

मागची माणसं खाली सरकवणे

जमीन सपाट, उंची सारखी आणि क्षितिजरेषा माणसाच्या उंचीवर असेल, तर जवळच्या आणि लांबच्या सर्वांची डोकी क्षितिजरेषेवरच येतात. फक्त पाय वर सरकतात. मागची माणसं नुसती लहान करून डोकी खाली आणली की ती बुटकी किंवा खड्ड्यात उभी वाटतात. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमधलं चित्रकार मासाच्चोचं करभरणीचं भित्तिचित्र या दृष्टीने सावकाश पाहण्यासारखं आहे. आपल्या आकृतीत ३ सेंमीच्या रेषेवर उभा माणूस ९ सेंमीचा हवा, आणि तिथली फरशी ३ सेंमी रुंद असते. कुठेही मोजा, उंची त्या जागच्या तीन फरश्यांइतकीच भरेल.

माणूस काढताना कपड्यांपासून सुरुवात करू नका. आल्बर्टी आधी हाडं बसवायला सांगतो, मग स्नायू, मग त्वचा. नेसवायचं सगळ्यात शेवटी. चुण्या सुंदर आणि आत गुडघा कुठे आहे याचा पत्ता नाही, असं होतं ते हा क्रम उलटल्यामुळे.

रंगात दोन गोष्टी जपा. शुद्ध पांढरा अगदी बेताने वापरा, कारण चमकत्या धातूवरच्या झळाळीसाठी त्याच्यापुढे दुसरा रंग उरत नाही. आणि सोनं दाखवायला वर्ख चिकटवू नका. वर्ख एका कोनातून चकाकतो, दुसऱ्यातून काळपट दिसतो, त्यामुळे ठरवलेला छायाप्रकाश मोडतो. आल्बर्टीला सोन्याची झळाळी साध्या रंगांनी साधणारा चित्रकारच अधिक मोलाचा वाटे.