कापूस शिकून लोकरीच्या गावी: कोविल्यांला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

कापड तंत्रज्ञान, वस्त्ररचना किंवा संग्रहालयशास्त्र शिकण्यासाठी पोर्तुगालमधील कोविल्यां येथे येण्याचा ज्यांचा विचार पक्का झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. व्हिसा, शिष्यवृत्ती आणि खोलीचे भाडे ह्यांची माहिती तुम्ही एव्हाना गोळा केलेली असेल, म्हणून तिची पुनरुक्ती करीत नाही. हे गाव लोकरीचे आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण इचलकरंजी, सोलापूर किंवा मुंबईहून कापसाचे शिक्षण घेऊन येथे येतात. ह्या दोहोंमधील अंतर प्रवेशपत्रावर कोठेही लिहिलेले नसते, आणि पहिले सत्र बहुधा तेथेच वाया जाते.

कोविल्यां सेर्रा द एश्त्रेला ह्या पर्वताच्या उतारावर वसलेले आहे. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच, १९९३ मीटरचे ठिकाण ह्याच पर्वतावर आहे. डोंगरावर मेंढ्या आणि डोंगरातून उतरणारे कार्पिंतेइरा व गोल्द्रा हे दोन ओढे, एवढ्या भांडवलावर येथे शतकानुशतके लोकरी कापड तयार होत आले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एरिसेइराच्या काउंटने राजाश्रयाने येथील उत्पादन वाढवण्याचा प्रयत्न केला. पुढे १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचे दार उघडून दिले आणि स्थानिक धंद्याला मोठा फटका बसला. १७६४ मध्ये राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्क्विसने गोल्द्राच्या बाजूला शाही कापड कारखाना उभारला, आणि १७८४ मध्ये व्हेइगा कुटुंबाचा खासगी कारखाना सुरू झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९७३ मध्ये येथे तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली, तिचेच १९८६ मध्ये बेइरा इंतेरिओर विद्यापीठ झाले, आणि ते मोठ्या प्रमाणावर जुन्या गिरण्यांच्या इमारतींतच विस्तारले. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले हे पाहत वाढलेल्या माणसाला येथील वर्गात बसताना थोडा हेवा वाटतो. तो वाटू द्यावा.

आता मुख्य अडचणीविषयी लिहिते, आणि ती जरा विस्ताराने लिहिणार आहे.

कापसाच्या शिक्षणातून आपली अशी धारणा होते की माग हा कापड घडण्याचा निर्णायक टप्पा आहे. मागावरून उतरलेले सुती कापड धुतले, विरंजित केले, रंगवले किंवा छापले, तरी त्याची वीण दिसत राहते. भिंग लावून ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजले की कापडाची कुंडली हाती येते. कोविल्यांची कीर्ती ज्यावर उभी राहिली त्या जाड लोकरी कापडाचे असे नसते. ते मागावर मुद्दाम विरळ आणि गरजेपेक्षा बरेच रुंद विणले जाते, आणि मागावरून उतरते तेव्हा ते गाळणीच्या फडक्यासारखे दिसते. त्यानंतर जुन्या पद्धतीत ते ओले करून, साबण किंवा शिळे मूत्र घालून, पाणचक्कीवर चालणाऱ्या जड लाकडी हातोड्यांखाली तासन्‌तास कुटले जाते. ओलावा, उष्णता आणि मार ह्यांमुळे लोकरीच्या तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात, कापड आक्रसत जाते, रुंदीचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग नाहीसा होतो आणि वीण दिसेनाशी होते. मग काटेरी बोंडांनी त्याची लव वर काढतात, ती मोठ्या कातऱ्यांनी एकसारखी छाटतात, कापड आकड्यांच्या चौकटीवर ताणून वाळवतात आणि शेवटी दाबतात. लोकरीचे कापड खऱ्या अर्थाने घडते ते मागानंतर, आणि ते घडवण्यात पाण्याचा वाटा विणकराच्या वाट्याहून कमी नसतो.

हे वाचताना सोपे वाटते, परंतु ह्याचे परिणाम दूरवर जातात. तुम्ही संग्रहालयात मागासमोर उभे राहून फणीची रुंदी मोजता आणि नंतर जुन्या नोंदवहीत विक्रीच्या कापडाची रुंदी पाहता. दोन्ही आकडे जुळत नाहीत. कापसाचे डोके लगेच निष्कर्ष काढते की माग वेगळ्या काळातला असावा किंवा कारकुनाने चुकीची नोंद केली असावी. ह्या तफावतीवर संपूर्ण सिद्धान्त उभारून प्रबंधाचा प्रस्ताव सादर करणारी मी पहिली नव्हते, आणि शेवटचीही असणार नाही. तफावत नव्हतीच, मधे कुटाई होती. प्रस्ताव परत आला तेव्हा समासात कोणीही ‘कुटाई’ असे लिहिले नव्हते, कारण येथल्या माणसांना ती सांगण्याची गोष्ट वाटतच नाही.

ह्याच सापळ्याचा दुसरा पदर सुतात आहे. कापसामध्ये कार्डेड आणि कोंब्ड सूत ही एकाच रांगेतील दोन स्थानके असतात: आधी पिंजण, आणि अधिक चांगले सूत हवे असेल तर पुढे विंचरण. म्हणून ‘कार्दादु’ (पिंजलेले) ही पाटी वाचली की आपण मनात ‘कमी प्रतीचे’ अशी नोंद करतो. लोकरीत ह्या दोन स्वतंत्र पद्धती आहेत. कार्दादुमध्ये आखूड तंतू मुद्दाम गुंतलेलेच ठेवतात, पिंजणयंत्रातून निघालेल्या पातळ थराच्या थेट मऊ वाती करतात आणि त्या कातून लवदार सूत तयार होते. कुटाईत दाट होणारे कापड ह्याच सुताचे असते. पेंतेआदुमध्ये, म्हणजे विंचरलेल्या सुतात, आखूड तंतू विंचरून बाजूला काढतात, लांब तंतू समांतर करून पुनःपुन्हा खेचतात आणि सुटाच्या कापडाला लागणारे गुळगुळीत सूत काततात. ह्यांपैकी एक पद्धत दुसरीची अपुरी आवृत्ती नाही. सुताचा नंबरही, म्हणजे त्याच्या बारीकपणाचे माप, येथे मेट्रिक पद्धतीने सांगतात, आणि आपल्या इंग्रजी कापूस-नंबराला साधारण १.६९ ने गुणले की तो मिळतो; हा गुणाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. प्रयोगशाळेत तर सरळ इशाराच देते: कॉस्टिक सोडा कापसाला चकाकी देतो, पण त्याच्या गरम द्रावणात लोकर चक्क विरघळते. हाताची सवय घरी ठेवून या.

ज्यांनी धनगरी घोंगडी तयार होताना पाहिली आहे त्यांना येथे थोडी आघाडी मिळते. घोंगडी विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे माग हा शेवट नव्हे हे त्यांना ठाऊक असते. मात्र खळ कापडाला ताठपणा देते आणि कुटाई त्याला आक्रसून दाट करते. दोन्ही प्रक्रिया एकाच वर्गात टाकून निबंध लिहिण्याचा मोह टाळावा.

म्हणूनच विद्यापीठाच्या लोकरउद्योग संग्रहालयात कोणत्या क्रमाने जावे ह्याविषयी माझे मत ठाम आहे. हे संग्रहालय एका छताखाली नाही. त्याचे भाग गावात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. बहुतेक नवे विद्यार्थी आधी व्हेइगा कारखान्यात जातात, कारण तेथे औद्योगिक काळातील यंत्रे आहेत आणि यंत्रांची छायाचित्रे चांगली येतात. तुम्ही आधी शाही कापड कारखान्याच्या रंगशाळेत जा. १९७५ मध्ये शिक्षणसंस्थेसाठी बांधकाम चालू असताना अठराव्या शतकातील ह्या रंगशाळेचे अवशेष सापडले, ते जागेवरच जतन केले गेले, आणि १९९२ पासून ते लोकांना पाहता येतात. ग्रॅनाइटमध्ये बांधलेल्या गोल विहिरी, त्यांत बसवल्या जाणाऱ्या रंगाच्या कढया आणि पिंपे, आणि कढयांखालच्या भट्ट्यांचा अरुंद बोळ एवढेच तेथे आहे. तेथे निळीचा निळा रंग आणि कोचिनीलच्या किड्यापासून, कथिलाच्या क्षाराच्या साहाय्याने मिळणारा भडक लाल रंग ह्यांच्या कृती नीट समजून घ्या. पाणी कोठून आत येत असे आणि कोठून बाहेर जात असे हे शोधल्याशिवाय तेथून निघू नका. मार्गदर्शकाला विचारा, संकोच करू नका. त्यानंतर उघड्यावरील रामोला पाहा: कुटलेले, रंगवलेले ओले कापड ज्यांवर ताणून उन्हात वाळवत, त्या चौकटी. व्हेइगा सर्वांत शेवटी. ह्या क्रमाने गेल्यास यंत्रे आपोआप बोलू लागतात, कारण प्रत्येक यंत्राने पाण्याचे, उन्हाचे किंवा हाताचे कोणते काम स्वतःकडे घेतले हे तुम्हाला ओळखता येते. सोमवारी पोर्तुगालमधील बहुतेक संग्रहालये बंद असतात, आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी येथे गांभीर्याने पाळतात. त्यानुसार दिवस आखावा.

पाट्यांची छायाचित्रे काढायची, फोनवर भाषांतर करायचे आणि खोलीवर बसून टिपणे करायची, हा मार्ग फार लोकप्रिय आहे आणि माझ्या मते निरुपयोगी आहे. पाटीवर यंत्राचे नाव असते. त्याचा आवाज, त्याची खोड आणि त्यावर कोण काम करीत असे हे नसते. ते जुन्या कामगारांकडे असते, आणि गावात असे निवृत्त कामगार कॉफीच्या दुकानात रोज भेटतात. पोर्तुगीज तोडकीमोडकी असली तरी चालते, पण ती असावी लागते. गोव्याहून येणाऱ्या, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पोर्तुगीज ऐकलेल्या विद्यार्थ्यांना बोलणे लवकर जमते. अठराव्या शतकातील हस्ताक्षर मात्र त्यांनाही सारखेच छळते, त्यासाठी जुन्या लिपीचा अभ्यासक्रम वेगळा करावाच लागतो. प्रबंधाचे मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रकाशनांची यादी पाहू नका. त्यांनी शेवटचा विद्यार्थी चालू गिरणीत कधी नेला होता ते विचारा. परिसरात अजूनही काही गिरण्या चालतात. अतिशय प्रसिद्ध आणि कायम प्रवासात असणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा दर आठवड्याला तासभर खडसावणारा मार्गदर्शक कितीतरी पटींनी बरा.

गावातील इतर ठिकाणांविषयी थोडक्यात. सांता मारिया चर्चचा निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला दर्शनी भाग पाहावा, धार्मिक कलेचे संग्रहालय आणि नगराचे संग्रहालय एकेका दुपारी होतात. जुन्या लोकर कारखान्यात थाटलेली न्यू हँड लॅब ही कलावंत आणि रचनाकारांची जागा वस्त्ररचनेच्या विद्यार्थ्यांनी चुकवू नये. २०११ पासून वूल ह्या महोत्सवामुळे गल्ल्यांतील भिंतींवर मोठी चित्रे आली, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने गावाला रचना (डिझाइन) ह्या क्षेत्रातील सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. चित्रे सुंदर आहेत, त्यांचे विषय अनेकदा लोकरीचेच आहेत, तरीही प्रबंधाचा विषय भिंतीवरून निवडू नये असे माझे मत आहे. रंगशाळा न पाहता ही चित्रे अर्धीच कळतात. पोर्तुगीज प्रवासी पेरो द कोविल्यां ह्याच गावचा. १४८७ मध्ये राजाच्या आज्ञेने निघून, वास्को द गामाच्या आधी, तो खुष्कीच्या आणि अरबी समुद्राच्या मार्गाने कालिकत आणि गोव्यापर्यंत पोहोचला होता. गावकऱ्यांशी बोलणे सुरू करायला हा विषय हमखास उपयोगी पडतो.

पहिल्या हिवाळ्यात आपल्याला काहीच येत नाही असे वाटेल, आणि ते बव्हंशी खरेही असेल, कारण कापसाचे ज्ञान मोडून लोकरीचे ज्ञान उभे राहायला वेळ लागतो. घाबरू नका, मोजण्याची शिस्त, सुताचा स्पर्श ओळखणारी बोटे आणि मागाचे गणित हे सर्व पुढे कामास येते, फक्त त्याची जागा बदलते. विषय भारतात बसून ठरवून येऊ नका. संग्रहालयाच्या ऐतिहासिक अभिलेखागारात जुन्या लोकर कारखान्यांची कागदपत्रे आहेत, आणि ती पाहण्यासाठी आधी लेखी विनंती करावी. ती चार ओळींची असली तरी पोर्तुगीजमध्ये लिहा. ‘वस्त्रोद्योगाचा इतिहास’ असे मोघम न लिहिता कोणता कारखाना, कोणता कालखंड आणि प्रक्रियेतील कोणता टप्पा, कातणे की कुटणे की रंगवणे, हे स्पष्ट लिहा. तसे लिहिता येत नसेल तर आणखी एकदा रंगशाळेत जाऊन या आणि मग विनंती पाठवा.